भिंगरीवरचं पोतं

"थंडी हवा फुकटात काहून सोडायची?" असं म्हणत आमचा शेजारी भिंतीला शिडी लावायचा, पोतं खांद्यावर टाकून वर चढायचा आणि छपरावरच्या भिंगरीचं तोंड बांधून खाली यायचा. आल्यावर हात असे झटकायचा, जसा काही चोरच पकडून आणला.

असा एक माणूस तुमच्याही मोहल्ल्यात असेल. त्याला अक्कल नाही हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

आमची दोन घरं एकाच टिनाखाली. मधली भिंत माळ्याच्या फळ्यांपर्यंतच. वरचा माळा दोघांचा मिळून एक. नागपूरच्या मे महिन्यात त्या माळ्यात हात घातला तर पोळून निघतो. माझी उमर लोकांच्या डोक्यावर टिनं ठोकण्यात गेली, म्हणून तिथली सोय मीच केली होती. खाली वळचणीला जाळ्या, वर आढ्यावर फिरणारी भिंगरी. तापलेली हवा वरून निघते, खालून दुसरी येते. एवढं बकरीलाही कळतं.

त्याला नाही. त्याने नवा कूलर आणला आणि डोक्यात घेतलं की कूलरची हवा फळ्यांच्या फटीतून माळ्यात जाते अन् भिंगरी ती आभाळाला वाटून टाकते. झालं. खिडक्या बंद, दार बंद, वर पोतं. मग भिंतींना घाम. चादर पाठीला चिकटलेली. सकाळचा कुरकुरीत चिवडा दुपारी पुन्हा पोहे व्हायचा. तोच चावत हा सांगायचा, "पाहा, कशी थंडाई आहे!"

थंडाई म्हणे. डबक्यातली म्हैस बरी.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण त्या उन्हाळ्यात माझी बायको खाटेवर पडून होती. कूलरचा गारवा तिला सोसत नव्हता, छाती भरून यायची. तिच्या अंगावरून जी काही हवा फिरायची ती भिंगरीच्या भरवशावर. भिंगरी चालू असली की वरून कुईकुई ऐकू यायचं. आवाज थांबला की ती डोळे न उघडता म्हणायची, "बांधलं वाटते त्यानं."

मी चढून पोतं सोडायचो. तो पुन्हा बांधायचा.

"अबे, माणूस शिजून राहिलं खाली!"

"तुह्या घरची हवा तू पाह्य गा. माह्या हवेवर काहून डोळा?"

"तुही हवा! बापानं ठेवली का तुह्या?"

सारा मोहल्ला ऐकायचा. तीही ऐकायची. मी धापा टाकत आत आलो की विचारायची, "आज कोण जिंकलं?" त्या दिवसांत ती हसली ती एवढ्यालाच.

शेवटी तिनेच त्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, पोतं काखेत, झेंडा असल्यासारखं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले ते कुईकुई आयकू येऊ द्या. ते बंद झालं का वाटते, माहाच दम बंद झाला."

त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. "वहिनी म्हणते म्हणून. या बुढ्याच्या म्हणण्यानं नाही." आणि जाता जाता तिलाही सुनावलंच, "माह्या घरची थंडाई चालली, एवढं ध्यानात ठेवा."

त्यानंतर भिंगरी थांबली नाही. बायको पावसाळ्यात गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी वाट पाहिली. भांडायला कोणीतरी पाहिजे होतं. त्याचा कूलर सुरू झाला, पण शिडी जागची हलेना. मग मीच म्हणालो, "बांध ना गा आता. खाली कोण झोपून राहिलं?"

तो चिवडा चावत होता. "वहिनीनं सोडाले लावलं होतं. बांधाले कुठी सांगतलं?"

मूर्ख माणूस. चिवडा तोंडात कुरकुर वाजत होता, तेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

यंदा त्याचा पोरगा त्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर राहतो म्हणे, डोक्यावर दुसऱ्याचं घर. तिथे काय बांधत असेल कोण जाणे. जाताना सांगायलाही आला नाही. पोतं मात्र घडी करून माझ्या ओट्यावर ठेवून गेला.

परवा दुपारी ते कुईकुई मला सोसेना. वर चढलो, त्याचंच पोतं भिंगरीला बांधलं आणि खाली येऊन रिकाम्या खाटेजवळ बसलो. घर चूप झालं. आज कोण जिंकलं, असं कोणी विचारलं नाही.

मग पुन्हा चढलो. पोतं सोडलं, अन् त्याच्या बंद दाराकडे तोंड करून त्याला शिव्या दिल्या. मोहल्ल्याला ऐकू जातील अशा.