काठालाच राहिलेली होडी

होडी उलटली आणि आईच्या हातातून धाकटीचा हात सुटला.

माझी गोष्ट आता इथून सुरू होते. आधी ती चार पानांची होती. वाचनालयातल्या बाई आम्हा बायकांना अगदी छोटी गोष्ट लिहायला शिकवत होत्या, अर्ध्या पानाची. मी चौथी शिकलेली. काय गाळायचं ते कळेना.

पिरंगुटला बसमध्ये शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर कुर्डूची भाजी घेऊन निवडायला लागली. कोवळं पान पदरात, देठ पिशवीत. मी गोष्टीची पानं काढून पुटपुटत वाचत होते.

"मोठ्यानं वाचा की, आजी," ती म्हणाली.

मी आजोबांपासून सुरुवात केली. मग शेत, मग धरणाचं पाणी. तिचे हात चालूच होते.

"आजी, पौड आलं तरी तुमची होडी काठालाच हाय."

मला राग आला, तरी वाचत राहिले. धाकटीचा हात सुटला तिथे तिची बोटं भाजीतच थांबली. पुढे दीड पान रडारड होती. तिथे ती परत निवडायला लागली. गोष्ट कुठे आहे ते त्या बोटांनी मला दाखवलं. असं ऐकणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"रडनं ऱ्हाऊ द्या," उतरताना ती म्हणाली. "जगलं कोन, तेवढं सांगा."

ते मी चार पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. आता शेवटी लिहिलं आहे.

आई थोरलीला धरून बुडाली. हात सुटलेली धाकटी वाचली. ती मी.