मशीनवरचा गुडघा

आमच्या लातूरच्या लॅबमध्ये काम म्हणजे मशीनकडे बघत बसणं! बघता बघता धास्ती वाढते, आणि धास्तावलेल्या माणसांकडे किस्से साचत जातात. माणसाच्या पायात बसवण्याआधी कृत्रिम गुडघा आम्ही महिनोन् महिने मशीनवर चालवतो. तुटायचा तर इथंच तुटू दे बाबा!

*

आमचे टेक्निशियन सर्जेराव मेव्हणीच्या लग्नाला अर्धापूरला गेले होते. ऐन मंगलाष्टकांत मांडवातली लाईट गेली. सगळे जनरेटरकडे धावले, सर्जेरावांनी मला फोन लावला.

"मॅडम, मशीन बंद पडलं का हो?"

"अहो, लाईट अर्धापूरची गेलीय!"

"हाव की! पण जीव ऱ्हाईना ना!"

*

मला बघायला मुलगा आला होता. तो गेल्यावर आईनं विचारलं, "कसा वाटला?"

"डाव्या पायावर लोड कमी देतोय."

आईनं कपाळावर हात मारला. खरं सांगते, मी त्याचा चेहरा बघितलाच नव्हता.

*

सगळ्यात जास्त धास्ती हा गुडघा बनवणाऱ्या आमच्या कदम सरांना. त्यांची आई कंधारला, दोन्ही गुडघे पार गेलेले. नांदेडचे डॉक्टर ऑपरेशनला तयार, पण म्हातारी हटून बसलेली, "बसवीन तर माझ्या पोराचाच!" आमचा गुडघा पास झाला की पहिल्या पेशंटांमध्ये तिचा नंबर लागणार होता.

सर मशीनकडे बघत नखं खायचे. सर्जेराव म्हणायचे, "सर, बोटं तरी शिल्लक ठेवा!"

*

चालायच्या टेस्टमध्ये गुडघा पास झाला. आम्ही पेढे आणायला निघालो, तर सर म्हणाले, "थांबा. माय चुलीपुढं खाली बसते. ह्याला बी बसवून बघू."

गुडघा उठबस करायला लावला. थोड्याच दिवसांत आतल्या प्लॅस्टिकला केसाएवढा तडा गेला!

"चालण्यात तर पास हाय ना, सर?" सर्जेराव हळूच म्हणाले.

सरांनी रिपोर्ट पुढं ओढला. त्यावर 'नापास'चा शेरा मारला आणि आईला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"माय, आपला गुडघा नापास झाला गं. तू आता डॉक्टर देतील तो बसवून घे."

पलीकडून म्हातारी कण्हत कण्हत उठल्याचा आवाज आला.

"मग दुसरा लाव की मशीनवर! माझ्यासंगं काय बोलून राहिलास?"