चार नंबरची टाकी

"पोरी, जीभ फसते, वजाबाकी फसत नाही," असं म्हणत नाना काचेची नळी नमुन्यात सोडायचे आणि ती स्थिर होईपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

कडोदऱ्याजवळ आमचा बिनदारूच्या बिअरचा छोटा कारखाना होता. नाना धुळ्याकडचे, उमेदीची वर्षं महाराष्ट्रातल्या बिअरच्या कारखान्यांत गेलेली. इथे सगळ्या राज्यात दारूबंदी, म्हणून बिअर मध्येच थंड करून आंबणं थांबवायचं. मी त्यांच्या हाताखाली तपासणीला होते.

हिशेब त्यांनीच शिकवला. साखर जास्त, तर नळी वर तरंगते. साखरेची दारू होत गेली की खाली बसते. नळीवरचा सुरुवातीचा आकडा चाळीस, नंतरचा छत्तीस. फरक चार. आठाने भागलं की अर्धा टक्का दारू. त्यापुढे जायचं नाही. गणिताची माझी धास्ती त्यांनी अशी हसतखेळत घालवली. घरी तर ते सरबतातही नळी बुडवायचे. साखर कमी पडल्याचं काकूंना सिद्ध करून दाखवायचे आणि मग मुकाट्याने तेच सरबत दोन ग्लास प्यायचे.

चार नंबरच्या टाकीचा नंतरचा आकडा मात्र ते मला घेऊ देत नसत. म्हणायचे, तिचा नळ नाठाळ आहे, अंगावर उडेल. मला त्यात माया दिसली. तुम्हालाही दिसली असती.

ते भाच्याच्या लग्नाला गावी गेले तेव्हा मी तो नळ उघडला. चांगला चालत होता. नळी खाली गेली ती थेट दहापर्यंत. फरक तीस, म्हणजे जवळजवळ चार टक्के. नळी धुऊन पुन्हा पाहिलं. तेच.

परतल्यावर विचारलं तर त्यांनी नाकारलं नाही. थोडी खरी बिअर बाहेर विकायला जाते, म्हणाले. मी सांगितलं, मालकांना आजच तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते खरंच मालकांच्या खोलीत गेले. मला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने मला बोलावलं. नाना टेबलाकडे बघत म्हणाले, "आकडे हीच घेते, शेठ. मी विश्वासानं टाकी हिच्यावर सोडली होती."

मालकांनी माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याला बोलावलं, आणि त्याने त्या टाकीतली पिंपं कोण भरून देतं ते सांगितलं, म्हणून मी वाचले. नाना डबा उचलून निघून गेले. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मी पांडेसऱ्याला त्यांच्या खोलीवर गेले. भांडायचं नव्हतं. एकदा माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी बोलावं, एवढंच हवं होतं. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सामान बांधून दोघं गावी गेली, आता येणार नाहीत. मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी त्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कामावर ओळख होती."