पानाच्या डब्यातला कंप्युटर

इंजिन सुरू झालं तेव्हा गाडीचा कंप्युटर माझ्या मांडीवर होता. प्लग काढलेला, एकही वायर जोडलेली नाही... आणि किल्ली सुरेशच्या खिशात.

सुरेश, माझा मुलगा, बॉनेटखाली वाकला होता. तो दचकून बाजूला उडाला आणि माझ्या खिडकीशी येऊन खेकसला, "आई, किल्लीला हात कशाला लावलास गं? बोटं गेली असती माझी!"

"किल्ली तुझ्या खिशात हाय न्हवं?"

त्यानं खिसा चाचपला. तेवढ्यात आमच्या पुढं उभी असलेली उसाची ट्रॉली मागं घरंगळत आली आणि आमच्या गाडीवर आदळली — तो वाकून उभा होता बरोबर तिथं.

मी आतच होते. ट्रॉलीनं गाडी मागं रेटत नेली, ती कडेच्या कठड्याला जाऊन अडली. काच फुटली, ऊस माझ्या अंगावर आला. इंजिन तेव्हा बंद पडलं. कंप्युटरचा डबा मी सोडला नव्हता.

आता पहिल्यापासून सांगते. मी पिरनवाडीला राहते, शिक्षण चौथीपर्यंत. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव सून मला वाचून दाखवते, तेव्हा मी एकच विचारते — हा माणूस प्यायला होता का, ते लिहिलंय का? तुम्हीही मला विचारा. मी फक्त पान खाते.

गाडी आमच्या मालकांची, म्हणजे सुरेशच्या वडलांची, जुनी. ते गेल्यावर तिचा कंप्युटर जळला. तसला आता मिळत नाही, गॅरेजवाले म्हणाले. सुरेश कारखान्यात टर्नर, त्याला वाटलं आपणच बनवू. जेवायच्या टेबलावर सुट्टे भाग मांडून कथलाचे डाग देत बसायचा, घरभर धूर. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे त्या कंप्युटरनं ठरवायचं. आणि ते त्याला सुरेशनं लॅपटॉपवरून शिकवायचं. वर पेटी पाहिजे म्हणून माझा अॅल्युमिनियमचा पानाचा डबा नेला. न विचारता.

मला ते प्रकरण कधीच पटलं नाही. गाडी चालायची, पण खोकत. "चुना कमी पडलाय तुझ्या कंप्युटरला," मी म्हणायची. तो चिडायचा.

त्या दिवशी आम्ही दोघं निपाणीला माझ्या बहिणीकडं गेलतो. परतताना, भर दुपारी, तवंदीच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली. पुढं कडेला उसाची भरलेली ट्रॉली एकटीच उभी होती. आमच्याकडं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. चढ ओढेना की ड्रायव्हर मागची सोडतो, ती घरंगळू नये म्हणून चाकांमागं दगडाची उटी लावतो, पुढची वर पोचवून परत येतो. ट्रॉलीची सावली बघून सुरेशनं गाडी तिच्या मागं लावली. आमचा हँडब्रेक नावापुरता. म्हणून त्यानं ट्रॉलीच्या एका चाकाचा दगड काढला आणि आमच्या चाकामागं सरकवला.

"दुसऱ्याचा दगड कशाला घेतोस रं?"

"त्याला दोन हाईत की. जाताना परत ठेवतो."

मग त्यानं कंप्युटर सोडवून माझ्याकडं दिला. "धर. आत धूळ जाऊ देऊ नको." आणि वायरी बघायला पुढं गेला. बॉनेट वर होतं, मला ट्रॉली दिसत नव्हती. त्याची पाठ तिच्याकडं.

आणि इंजिन लागलं. खोकलं नाही. मालक चालवायचे तेव्हा लागायचं तसं, पहिल्या झटक्यात.

ट्रॉली आदळल्याचा आवाज ऐकून ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पळत आला. "माझा दगड कुणी काढला?"



"ह्यानं काढला," मी सुरेशकडं बघत आतूनच म्हणाले.

"तुमचा पोरगा न्हवं ह्यो, आक्का?"

"व्हय. पोरगा हाय म्हणून दगड आमचा होत न्हाय. आधी दार उघड, माझा हात मोडलाय."

मला पहिला संशय सुरेशचाच आला. यानं दुसरा कंप्युटर कुठंतरी लपवला असणार. निपाणीच्या गॅरेजमध्ये गळ्यात हात बांधून मी उभी राहिले आणि पुढचं सगळं उचकटायला लावलं. काही निघालं नाही.

मिस्त्री म्हणाला, "पाना स्टार्टरच्या तारेला लागला असंल, आक्का. इंजिन फिरतंय त्यानं."

"फिरतंय," सुरेश म्हणाला, "पण पेटत न्हाय. ठिणगी कोण देणार? पेट्रोल कोण सोडणार?"

पाना हातात होता हे सुरेश कबूल करतो. पण इंजिन नुसतं फिरलं नाही — चालत राहिलं. त्यानं मला ओरडून घेतलं, मी उलट बोलले, तेवढा वेळ चालत राहिलं.

सून म्हणते, मामंजींनी वाचवलं. मालक जिवंत असताना चार हाका मारल्याशिवाय उठत नव्हते. मेल्यावर कुठले एवढे चपळ होणार? शेजारीण म्हणते देवी. देवीला दगड जागेवर ठेवता आला असता.

सुरेश अजून माझ्यावर संशय घेतो. "तूच प्लग जोडला असशील, आठवत नसंल." कुठला प्लग कुठं जातो हे मला आजही माहीत नाही. मी अजून त्याच्यावर घेते. जेवताना मध्येच एकमेकांकडं बघतो.

उत्तर मला मिळालेलं नाही. गाडीपुढं सुरेश होता, गाडीत मी होते. माझा हात जुळला. त्याला खरचटलंसुद्धा नाही.