चेकरला गर्दीची सवय

आमच्या मामांइतका गर्दीवर जीव असलेला माणूस बिदरपासून अफजलपूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तोही रिटायर झालेला कंडक्टरच निघेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. उभी नोकरी सरकारी बसच्या दारात गेली. रिकामी बस दिसली की त्यांना घरात कुणी जेवायचं राहिल्यासारखी हुरहूर लागते. बिदरमधल्या मैलूरच्या त्यांच्या घरी चार पाहुणे एकदम आले तर मामा उंबऱ्यात उभे राहून "मुंदक सरीरी, पुढं सरका, आगे जगा है" असं एका दमात तिन्ही भाषांत म्हणतात आणि दिवाणावर तिघांच्या जागी पाच माणसं बसवूनच आत चहाचं सांगतात. एकदा आत्याचं बीपी वाढलं म्हणून दवाखान्यात गेले, तर बाकावरचे सगळे पेशंट सरकवून मामांनी आणखी दोघांची जागा काढली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कोण ओरडायलंय?" मामा अदबीनं म्हणाले, "मागं जागा हाय साहेब, उगं दारात उभारलेत."

अशा माणसाच्या नशिबी माणसांना भिणारं कुत्रं यावं, याला काय म्हणायचं? मामांची एकुलती एक मुलगी, सुजाता, मन्नाएखेळ्ळीला गावी गेली असताना हायवेच्या बसथांब्यावर तिला हे पिल्लू सापडलं. एका मोठ्या ट्रकच्या चाकामागं अंग चोरून बसलेलं. तिनं ते ओढणीत गुंडाळून मैलूरला आणलं. आल्यागेल्याला पायापासून वर हुंगायची त्याची रीत बघून मामांनी त्याचं नाव चेकर ठेवलं. त्या नावात त्यांना मोठं सुख होतं. "अख्खी नोकरी चेकरनं मला उभं केलं," ते म्हणत, "आता मी चेकरला बसवायलोय." पण चेकर बसायचा तो घरच्या माणसांपुढं. दारात दोनाचे चार झाले की त्याचे केस उभे राहायचे, आणि चाराचे सहा झाले की भुंकून भुंकून आवाज बसेपर्यंत तो थांबायचा नाही. चावला मात्र कुणाला नाही. त्याला राग नव्हता, भीती होती, आणि हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. बाहेरच्यांना कसं कळावं?

सुजाताला बघायला अफजलपूरचे पाहुणे आले, त्या दिवशी बाहेरच्यांना कळलं ते फक्त त्याचं भुंकणं. उसाची शेती, भावाभावांचं एकत्र घर, त्यामुळं क्रूझर गाडी भरून माणसं आली होती. चेकरनं त्यांना गाडीतून उतरूच दिलं नाही. शेवटी चहा-पोहे खिडकीतून आत गेले आणि मुलगी बघायचा कार्यक्रमही खिडकीतूनच झाला. मुलगा हसत होता. त्यानं मागच्या दारानं उतरून चेकरला एक बिस्कीट टाकलं आणि तिथंच सुजाताला तो आवडला, असं ती मला नंतर म्हणाली. विहीणबाई मात्र पदर घट्ट धरून गाडीतच बसून राहिल्या.

सोयरीक जमली. मग सुजातानं एकच गोष्ट मागितली, चेकर माझ्यासंगं येणार. ती नसली की तो खात नव्हता, हे खरंच होतं. पण खरी निकड मामांना होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढ्या मोठ्या घरात पोरगी एकटी जायलीय. म्हायेरचं कोणतरी पाहिजे का न्हाई संगं?" विहीणबाईंनी फोनवर सरळ सांगितलं, "आमच्या वाड्यात दिवसभर माणसं येत्यात. ऊसतोडवाले, दूधवाले, पावणे. त्यांच्या अंगावर गेलं तर कसं? लग्नात एवढ्या माणसांत गुमान बसलं तर पाठवा. न्हाईतर न्हाई." मामांनी फोन ठेवला आणि बनियनवरच अंगणात जाऊन चेकरपुढं बसले. "ऐकलास का?" म्हणाले. "आता तुझी ड्युटी लागली."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. माझा निकाल लागला तेव्हा याच मामांनी बसमधल्या सगळ्यांना पेढे वाटले होते आणि पेढा घेतला नाही त्याला तिकीट द्यायला उशीर लावला होता. त्या पदवीला जागून मी मोबाईलवर कुत्र्यांच्या शिकवणीबद्दल बरंच वाचून काढलं आणि मामांना सांगायला गेले. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते मोबाईलमधलं कुत्रं कधी बिदरच्या स्टँडवर आलंय का?" मग त्यांनी आपली पद्धत काढली. शेवटच्या थांब्यावर कुणी एकदम पोचत नाही, हे त्यांचं सूत्र. पहिले काही दिवस स्टँडच्या पार पलीकडं, रस्ता ओलांडून, लिंबाखाली बसायचं. गर्दी दिसायला हवी, पण चेकरच्या कानाला लागायला नको. तो गप बसला की रस्स्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा. ते जमलं की रसवंतीपर्यंत पुढं. मग फळांच्या गाड्यांपर्यंत. भुंकला तर रागवायचं नाही, मुकाट्यानं एक थांबा मागं यायचं. खरं सांगायचं तर मोबाईलमध्येही जवळपास हेच होतं, पण मी ते मामांना बोलून दाखवलं नाही.

येणाऱ्याजाणाऱ्यांना मात्र मामांचा जाच होता. चेकरला कुणी टक लावून बघितलं की मामा हात जोडत. "अक्का, त्याच्याकडं बघू नगा. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर बघतो ना, तसं बघा." आणि नवल म्हणजे लोक तसं बघत. एक पोलीसदादासुद्धा कितीतरी वेळ आभाळाकडं बघत उभा राहिलेला मी पाहिलाय. दर रविवारी आम्हा नातेवाइकांना फोन यायचा, "या, जरा गर्दी व्हायचंय." आम्ही जायचो. अंगणात दाटीवाटीनं उभं राहायचो, मामा शिट्टी मारायचे आणि आम्ही एकमेकांना हळूहळू ढकलायचं. मला ते मागच्या रांगेत उभं करत. मी म्हटलं, "मामा, मी एवढी शिकलेली, आणि मला मागं?" तर म्हणाले, "शिकल्याली माणसं धक्का नीट देत न्हाईत. तू नुसती गलका कर." पुढं पुढं त्यांनी हलगीवाले बोलावले, भाच्याच्या लग्नातला डीजे लावून घेतला, शेजारच्या शाळेच्या सुटीच्या वेळी फाटकाशी जाऊन बसले. लग्नाचा महिना उजाडला तेव्हा चेकर हलगीच्या शेजारी पाय पसरून झोपायला लागला होता. आत्या म्हणाली, "कुत्र्याला माणसात आणलाव. आता तुमी कवा येताव?"

लग्न मन्नाएखेळ्ळीला, बुद्धविहारापुढच्या मांडवात. वरात आली, बँड आला, अफजलपूरच्या क्रूझर आल्या, लहान पोरं खुर्च्यांखालून पळत होती, आणि या सगळ्यात चेकर मामांच्या पायाशी एखाद्या जुन्या कारभाऱ्यासारखा शांत बसलेला. विहीणबाई दोनदा जवळून गेल्या. त्यानं नुसतं हुंगलं. मामा मुलीकडं बघत नव्हते, जावयाकडं बघत नव्हते, त्यांची नजर फक्त चेकरच्या गळ्यातल्या दोरीवर.

मग भंतेजी उभे राहिले. बँड थांबला, जनरेटर बंद झाला. वंदनेच्या आधी सगळ्यांनी डोळे मिटून क्षणभर शांत उभं राहावं, असं त्यांनी सांगितलं, आणि एवढा मोठा मांडव हात जोडून गप झाला.

हे मामांनी शिकवलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या बसमध्ये माणसं गच्च भरलेली आणि सगळी चिडीचूप, असं व्हायचं ते फक्त गाडी बंद पडली तरच. चेकरनं मान वर केली. चहूकडं माणसंच माणसं आणि एकाचाही आवाज नाही. त्याचे केस उभे राहिले, अंग थरथरायला लागलं आणि त्या शांततेत त्यानं हळू आवाजात रडायला सुरुवात केली. तो आवाज वाढत चालला. मामा खाली बसून त्याला कवेत घेत होते. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. समोर सुजातानं डोळे मिटलेलेच ठेवले होते, पण गालावरून पाणी येत होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका बाईंचा खणखणीत आवाज उठला. भंतेजींच्याही आधी त्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली होती. विहीणबाई होत्या. लोकांनी डोळे उघडून एकमेकांकडं बघितलं, भंतेजी जरासे हसले आणि त्यांच्यामागं म्हणू लागले, मग सगळा मांडवच म्हणू लागला. त्या घुमणाऱ्या आवाजात चेकरनं एक मोठा श्वास सोडला आणि मामांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.

लग्न लागल्यावर मामा विहीणबाईंपुढं हात जोडून उभे राहिले. "चुकलं ताई. गप माणसांचं शिकवायचं राह्यलं."

"राह्यलं तर राह्यलं," त्या म्हणाल्या. "आमच्या वाड्यात कोण गप बसतंय? पाठवा त्याला."

क्रूझरमध्ये सुजाता खिडकीशी बसली आणि चेकर तिच्या पायाशी, इतक्या माणसांच्या दाटीत. मामांनी दार लावून घेतलं, सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी सुटली. हायवेवर ती दिसेनाशी झाली तरी ते तिथंच होते.

आता मैलूरचं घर फार शांत असतं. मी रविवारी जाते तेव्हा मामांनी आत टीव्ही आणि बाहेर रेडिओ असं दोन्ही लावलेलं असतं. संध्याकाळी सुजाताचा फोन येतो. ती फारसं बोलत नाही, तिकडची कामं संपलेली नसतात. फोन नुसता ओट्यावर ठेवून देते. मग मामा टीव्ही बंद करतात, रेडिओ बंद करतात. फोनमधून अफजलपूरचा वाडा ऐकू यायला लागतो. ट्रॅक्टर, भांडी, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, बायका हसतायत, कोण आलं कोण गेलं. मामा बोट वर करून आम्हाला गप करतात.

"भुंकायलाय का?" आत्या विचारते.

"न्हाई," मामा म्हणतात. "ऐक की."

आणि आम्ही तिघंही बराच वेळ चेकरचं न भुंकणं ऐकत बसतो.