विनताच्या दोन काचा

चार वर्षांपूर्वी विनताची गर्भपिशवी काढली, तेव्हा तिचा तुकडा तपासायला तिच्याच लॅबमध्ये आला. विजय नगरातली पॅथॉलॉजी लॅब. विनता तिथे सव्वीस वर्षं टेक्निशियन. पिशवीतली गाठ साधी निघाली. मेणात बसवलेला उरलेला तुकडा फेकायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर शैलजा संकोचत म्हणाल्या, "ताई, हार्मोनच्या तपासणीला हे कंट्रोल म्हणून, रंग पडताळून बघायला, फार चांगलं आहे. तुमची हरकत नसेल तर..."

"ठेवा की," विनता म्हणाली. "माझ्याजवळ तरी काय करून राहिलं होतं ते?"

तेव्हापासून स्तनाच्या गाठीचा काप लावलेली काच रंगवायची असली, की पेशंटच्या काचेशेजारी विनताच्या तुकड्याच्या दोन काचा असत. एकीवर अँटिबॉडी, म्हणजे हार्मोनची खूण शोधणारं द्रावण, घालायची. ती तपकिरी झाली की अँटिबॉडी काम करते आहे. दुसरीवर अँटिबॉडी घालायचीच नाही. ती निळी राहिली पाहिजे. तीही तपकिरी झाली, तर रंग नको तिथे चिकटतो आहे, पेशंटच्या काचेवर विश्वास ठेवू नये. असं चिकटू नये म्हणून आधी ब्लॉकिंगचं द्रावण घालतात.

तिचा नवरा श्रीरंग म्हणायचा, "काहून इतकी दमतेस? तुझी एक ब्रँच तिकडे ड्यूटी करूनच राहिली आहे." विनता हसायची.

पण नवा मॅनेजर आलोक एके दिवशी काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाला, "दीदी, मरीज़ की एक स्लाइड और आपकी दो? आपकी बच्चेदानी का तो रोज़ फ्री चेकअप हो रहा है!" काउंटरवरचे दोघे खी खी हसले. विनताची कानशिलं तापली. नवऱ्यानं केलेली थट्टा वेगळी. हा तिचा कोण? तिनं स्वतःहून दिलेली गोष्ट, आणि हा ती चारचौघांत अशी उघडी करतो? ती काही बोलायच्या आत तो आत गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: कंट्रोल फक्त सोमवारी, अँटिबॉडी वाचवा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी अनसूयाची काच रंगली. अनसूया गढा वस्तीतली, बेचाळीस वर्षांची, शिवणक्लास चालवणारी. तिचा भाऊ प्रथमेश सकाळपासून बाहेरच्या खुर्चीवर रिपोर्टची वाट पाहत होता. पॉझिटिव्ह आलं तर अनसूयाला हार्मोनच्या गोळ्या मिळणार. निगेटिव्ह आलं तर त्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, दुसरे कडक उपचार लवकर सुरू करायचे. शैलजा दुसऱ्या हॉस्पिटलात होत्या. आलोकनं त्यांना फोनवर एक फोटो पाठवला, त्या घाईत "पॉझिटिव्ह वाटतंय, सहाला येऊन सही करते" म्हणाल्या, आणि त्यानं रिपोर्ट टाइप करायलाही सांगितला.

विनतानं काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. गाठ तपकिरी, बाजूची चरबी तपकिरी, धागे तपकिरी. हळदीचा डबा सांडलेल्या ओट्यासारखं सगळं एकाच रंगाचं. तिनं ब्लॉकिंगची बाटली उचलली. नवी होती, तारीखही ठीक होती. ती कधी आली, तिनं काउंटरवर विचारलं.

"वो पार्सल?" मुलगी म्हणाली. "शनिवार को आया था. सर ने साइन करके यहीं नीचे रखवा दिया, सोमवार को फ्रिज में गया."

दोन दिवस. मे महिन्यात. काउंटरखाली, बंद ऑफिसात.

"दुबारा करना पड़ेगा," ती आलोकला म्हणाली. "मेरी दोनों स्लाइड के साथ."

"आज सोमवार है क्या?"

"बाटली तुम्ही गरमीत ठेवली, आलोकजी. काचेवर काहीच खरं नाही."

"दीदी, आप स्लाइड बनाइए. पढ़ने के लिए डॉक्टर हैं."

"डॉक्टर को आपने स्लाइड दिखाई कहाँ? फोटो दिखाया."

त्यानं फोन कानाला लावला, पलीकडे कुणी नसताना.

विनतानं जेवणाचा डबा उघडलाच नाही. नोकरीला लागण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये दुधाच्या पावडरीनं ब्लॉकिंग करायला तिला शिकवलं होतं. समोरच्या किराणा दुकानातून तिनं बिनसायीच्या दुधाच्या पावडरीचं पाकीट आणलं, पावडर बफरच्या पाण्यात विरघळवली, ते दूध गाळलं. मेणातून चार पातळ काप काढले: तीन आपले, एक अनसूयाचा. रंग नीट धरावा म्हणून काचा प्रेशर कुकरमध्ये उकळल्या. आपली एक काच मुद्दाम त्या खराब बाटलीनं ब्लॉक केली आणि तिच्यावर अँटिबॉडी घातली नाही. बाकी तिन्हींना दूध; त्यातल्याही आपल्या एका काचेला अँटिबॉडी नाही.

शैलजा सहाला आल्या. टाइप केलेला रिपोर्ट घेऊन आलोक उभा होता. विनतानं त्याच्या कागदाआधी चार काचा पुढे सरकवल्या.

"ही बाटलीची. अँटिबॉडी नाही, तरी बघा."

"तपकिरी," शैलजा म्हणाल्या. "ही?"

"दुधाची. अँटिबॉडी नाही."

"निळी."

"आणि ही अँटिबॉडीवाली, दुधाचीच."

"छान तपकिरी. पेशंटची कुठली?"

शेवटची काच शैलजांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "पूर्ण निळी. निगेटिव्ह आहे, ताई." मग आलोककडे न बघता म्हणाल्या, "तो कागद फाडा. आणि मला पुन्हा फोटो पाठवू नका. चूक माझीही आहे."

आलोकनं फाडला. पण जाताना विनताला म्हणाला, "मेमो मिलेगा. बिना परमिशन अँटिबॉडी, और लॅब में खाने का सामान."

"द्या," विनता म्हणाली. "त्यात पार्सल कोणी ठेवलं तेही लिहा. आणि माझ्या पिशवीचं नाव लिहायचं असेल तर नीट लिहा. काउंटरवर बोललात तसं नको."

नवा रिपोर्ट विनता स्वतः बाहेर घेऊन गेली. प्रथमेशनं पहिला शब्द वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "निगेटिव्ह! मतलब अच्छा है ना, दीदी?"

विनता त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हाताला दुधाचा वास येत होता.

"मतलब सही है," ती म्हणाली. "चलो, मॅडम अंदर हैं, उनसे पूछते हैं कल सुबह किस डॉक्टर के पास जाना है. मैं साथ चलती हूँ."