दोन बटणं आणि दोन कप

मघाशी कोड लिहायच्या एडिटरमध्ये मी कीबोर्डवरच्या दोन बटणांची कामं आपापसांत बदलली आणि तो अडकलाच. पहिलं बटण दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं, दुसरं पहिल्याकडे. शेजारच्या टेबलावर मृणाल होती तोवर असं झालं की ती खुर्ची सरकवत यायची. "अरे, बटणाला सांग ना, तुझं काम कर आणि तिथेच थांब. पुढे कुणाला विचारत जाऊ नकोस." सेटिंगमधला एक शब्द बदलायची, की सगळं सुरळीत.

आज तो शब्द मीच बदलला. मग चहाला उठलो. चहावरून मृणाल आठवली, मृणालवरून तिचा बिनसाखरेचा चहा, त्या चहावरून पुन्हा मृणाल. तिला नोकरी सोडून वर्ष होत आलं.

टेबलाशी परतलो, तेव्हा हातात दोन कप होते. एक बिनसाखरेचा.